बन्सीबाबांचं कोर्ट अजून उठलेलं नाही

खडकवस्ती,
गुरुवार, दुपार

ती. भागवतदाजी यांस मेहुणा काकासाहेब याचा दोन्ही हातांनी वाकून नमस्कार, आणि अक्काला तेवढाच.

इकडे आम्ही सगळे जागच्या जागी आहोत (खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण वडीलधाऱ्यांशी खोटं कशाला बोला). तुमचे गुडघे काय म्हणतात? अक्काची बीपीची गोळी चालू आहे ना? निवृत्तीनंतर संगमनेरला मुलाच्या फ्लॅटवर गेल्यापासून तुम्ही रोज सकाळी प्रवरेच्या कडेने फिरायला जाता, असं अक्का सांगत होती. फार चांगली सवय आहे. माणसाने होईल तितकं उभं राहावं, चालावं, गरज पडली तर आडवं व्हावं, पण बसू नये. हे मी उगाच म्हणत नाही. का म्हणतो ते पुढे येईल.

फोन का केला नाही म्हणाल, तर केला. सात वेळा केला. ख्यालीखुशाली होईपर्यंत तुमचा आवाज खणखणीत येतो, आणि मी कोर्टाचं नाव काढलं की तुमच्या फ्लॅटमधली रेंज जाते. व्हॉट्सॲपवर सगळं सविस्तर लिहिलं, तर तुम्ही खाली दोन हात जोडलेले पाठवलेत. म्हणून म्हटलं पोस्टानेच लिहावं. पाकीट आलं की माणूस निदान फोडून तरी बघतो.

तर बातमी अशी की गेल्या महिन्यात तुमचा मेहुणा गुन्हेगार ठरला. घाबरू नका, अक्कालाही घाबरवू नका. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर मागे घेताना माझ्या हातून गावचा एसटीचा थांबा पडला होता, तेच प्रकरण. थांब्यात कुणी नव्हतं (सहा वर्षं झाली आमच्याकडे एसटीच येत नाही, मग माणूस कशाला बसेल), पण सरपंच विरुद्ध पार्टीचे, त्यांनी फिर्याद ठोकली. बेदरकारपणे वाहन चालवणे. अहो, मी मागे येत होतो. चालत्या म्हशीपेक्षा हळू उलट्या जाणाऱ्या माणसाला बेदरकार म्हणतात हे मला पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं. मधल्या काळात तर सगळा कायदाच नवा आला, कलमांचे नंबर बदलले. मी म्हटलं सुटलो. पण आमच्या वकील पंकजाताई म्हणाल्या, काका, गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचं कलम लागतं. थांबा गेला, कायदा गेला, माझा गुन्हा मात्र जुन्या नंबरावर शाबूत राहिला.

पंकजाताईंनीच सल्ला दिला की कबूल करून टाका, तारखा घालण्यात हयात जाईल. साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, मी म्हणालो आहे. मला वाटलं एवढ्यात संपलं. पण तुम्हाला माहीतच आहे (तुमचं अर्धं आयुष्य कोर्टाच्या दारात शिपायाचा पट्टा लावून उभं राहण्यात गेलं), दोषी ठरवणं वेगळं आणि शिक्षा सुनावणं वेगळं. आधी दोषसिद्धी होते, मग साहेब विचारतात, शिक्षेबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का. आता मी तेरा वर्षं दूध संस्थेचा सचिव होतो. मला कुणी म्हणणं आहे का विचारलं आणि मी नाही म्हणालो, असं आजवर घडलेलं नाही. मी एसटी महामंडळापासून सुरुवात केली, रस्त्याच्या ठेकेदारापर्यंत आलो होतो, तेवढ्यात पंकजाताईंनी मागून माझी बाही ओढली. साहेबांनी डोकं वर न करता लिहिलं: दंड, दंड न भरल्यास पाच दिवस साधी कैद, आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. साधी म्हणजे बिनकामाची, सश्रम म्हणजे कामाची. हे मी नंतर आमच्या चांगुणाला नीट समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, तुमची तीस वर्षं साधीच चालू आहे.

कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार. बेड्या नाहीत, कोठडी नाही. साहेब दिवसाचं काम आटोपून खुर्चीवरून उठेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं. शिपाई येऊन "झालं, जा" म्हणाला की उठायचं, मोकळं व्हायचं. हे शिपायाने सांगायचं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही म्हणतात, पण त्या कोर्टाची ती जुनी पद्धत आहे. तुमच्या वेळेपासूनची.

मागच्या भिंतीलगत जो लांब बाक आहे (अजून तोच आहे, फक्त एक पाय नवा), त्याच्या टोकाला एक म्हातारा आधीच बसलेला होता. धोतर, बिनकॉलरचा सदरा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. हात गुडघ्यांवर असे ठेवलेले की आता उठणारच. मी शेजारी टेकलो. विचारलं, बाबा, तुम्हाला काय लागलं? म्हणाला, "उठेपत्तूर." कशात? म्हणाला, "म्हस फारेष्टात शिरली हुती." मी म्हटलं म्हशीपायी माणसाला बसवतात म्हणजे माझ्या थांब्याला काही वजन तरी आहे. एकूण बरं वाटलं. शिक्षेत सोबत असली की वेळ जातो, म्हणून मी त्यांना आमच्या सरपंचाची सगळी कुंडली सांगितली. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. डोक्यावरचा पंखा इतका जोरात होता की माझ्या हातातली दंडाची पावती दोनदा उडाली, पण म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा काही हलला नाही. दुपारी एक हवालदार त्यांच्या जागेवर बसायला आला, अर्धा वाकला, आणि काहीतरी आठवल्यासारखा निघून गेला. माझी त्यांच्याकडची मांडी गार पडत चालली होती. मला वाटलं, फरशी आहे, थंडीचे दिवस आहेत, असेल.

साहेबांनी खुर्चीत नुसती कूस बदलली तरी म्हातारा पुढे झुकायचा आणि हळूच विचारायचा, "साहेब उठले का?" मी म्हणायचो, नाही बाबा, पाठ खाजवतायत. पावणेसहाला साहेब खरंच उठले. सगळे उभे राहिले. शिपाई माझ्याजवळ आला, "झालं काका, जा" म्हणाला. मी उठलो. म्हातारा बसलेलाच. मी म्हणालो, चला. म्हणाला, "तुझं झालं. माझं न्हाई झालं." शिपायाने पंखा बंद केला, एकेक दिवा मालवत दाराकडे गेला, आणि त्या बाकाकडे काही त्याने पाहिलं नाही. आता अंधारात एका वयस्कर माणसाला एकटं टाकून कसं जायचं? मी आपलं बोलून गेलो, बाबा, आमच्या घरी चला, चहा घ्या, उद्या सकाळी परत आणून सोडतो, मी जबाबदार. दाजी, आपल्याकडे असं म्हणायचीच पद्धत आहे, कुणी ते मनावर घेत नाही. पण जबाबदार हा शब्द कोर्टाच्या खोलीत उच्चारायचा नसतो, हे तुम्ही मला कधीतरी सांगायला हवं होतं.

बाहेर येऊन मी मोटारसायकलला किक मारली, तेव्हा मागची सीट दबली. वळून पाहिलं तर कुणी नाही. घरी आलो, तर बाबा ओट्यावर बसलेले. हात गुडघ्यांवर, पिशवी मांडीवर. उठताना मी त्यांना आजपर्यंत पाहिलेलं नाही.

पहिले तीन-चार दिवस काही त्रास नव्हता. खात नाहीत, पीत नाहीत, फक्त दिवेलागणीला विचारतात, "साहेब उठले का?" चांगुणाला दिसत नव्हते, पण ओट्याचा तो कोपरा झाडताना तिचा झाडू आपोआप वळसा घालायचा. मी तिला काही बोललो नाही (कोर्टात गेलेला नवरा घरी माणूस घेऊन आला, हे बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं).

मग बसण्याचा प्रकार सुरू झाला. आधी म्हैस. पारनेरच्या बाजारातून आणलेली, दोन वेळची चांगली दूधवाली. एका सकाळी बसली ती उठेना. जनावरांच्या डॉक्टरने शेपटी पिळली, पोटाला कान लावला, म्हणाला, हिला काहीही झालेलं नाही, हिला फक्त उठायचं नाही. मग शेजारचा कल्याण. तो अर्धा कप चहाला येतो आणि कप खाली ठेवायच्या आत जातो, असा धावपळीचा माणूस. तो ओट्यावर टेकला, आणि बसला. चहा झाला, दुसरा झाला, त्याच्या घरून दोन फोन आले, घेतले नाहीत. चेहरा असा की शाळेत बाईंनी बाकावर बसवून ठेवलंय. तीन तासांनी मी वैतागून म्हणालो, कल्याण, ऊठ आता, घरी जा. लगेच उठला. दारात जाऊन मला म्हणाला, "काकासाहेब, म्या कवाच उठलो असतो, पन कुनी म्हनंना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुडघे ठीक असतात, कंबर ठीक असते. पण आमच्या घरात जो बसतो त्याला आतून उठायची परवानगी मिळत नाही. मी स्वतः बसून पाहिलं. दाजी, मी भित्रा नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी मी घाबरलो. काही दुखत नाही, कुणी धरत नाही, नुसतं असं वाटतं की अजून सांगितलेलं नाही, मग कसं उठायचं. आणि त्या बसण्याला एक गारवा असतो, पायाच्या अंगठ्यापासून वर येणारा. शेवटी चांगुणा दारातून "उठा आता" म्हणाली, तेव्हा उठलो.

कायद्याचा मामला कायद्यानेच सुटेल म्हणून मी पंकजाताईंना गाठलं. बाबांनी मला सांगितलेलं त्यांचं नाव सांगितलं, म्हशीचं सांगितलं. त्यांनी कोर्टातल्या जुन्या नोंदी काढवल्या. बन्सी तात्याबा, शिक्षा १९८९ च्या चैत्रातली, कोर्ट उठेपर्यंत. ताई म्हणाल्या, काका, आरोपी मयत झाला की शिक्षाही संपते, आणि यांची तर त्याच दिवशी संपलेली आहे. मी म्हटलं हे तुम्हीच येऊन त्यांना सांगा, माझं ते ऐकत नाहीत. हुशार बाई, अंधश्रद्धा वगैरे काही मानत नाहीत, हसत हसत आल्या. मी म्हटलं उभ्यानेच बोला. पण माझं बोलणं होईपर्यंत त्या खुर्चीत बसल्या होत्या. अडीच तास बसल्या. हातात कायद्याचं पुस्तक, त्यातलं पान उघडं, पर्समध्ये फोन वाजतोय. मी "ताई, उठा" असं सहा वेळा म्हणालो तेव्हा उठल्या (कल्याणला एकदा पुरलं होतं). गाडीत बसताना त्यांनी क्षणभर सीटकडे पाहिलं आणि मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "घरी पोहोचलो की मला उतरा म्हणायचं, विसरायचं नाही." फी घेतली नाही. वकिलाने फी घेतली नाही म्हणजे प्रकरण काय थराचं आहे ते तुम्हीच ओळखा.

तेव्हापासून आम्ही नवरा-बायको उभ्याने जगतो. खुर्च्या पालथ्या घालून माळ्यावर टाकल्या. जेवण स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने, बुफे असतो तसं. आडवं झालेलं चालतं, पण झोपेतून उठताना मध्ये बसायची जी पायरी लागते ती घ्यायची नाही, म्हणून मी सकाळी खाटेवरून लोळत खाली पडतो आणि भिंतीला धरून सरळ उभा होतो. चांगुणा म्हणाली, या वयात हे बघायचं राहिलं होतं. तोवर ती हसत तरी होती.

एका सकाळी मी बाबांना म्हणालो, चला, तुम्हाला तुमच्या घरी सोडतो. गाव त्या नोंदीतच मिळालं होतं, आमच्यापासून बारा कोस. एकटाच गेलो, पण मागची सीट पुन्हा दबलेली. घरात त्यांची सून भागूबाई भेटली, साठीची, दारात शेंगा वाळत घालत होती. मी चाचरत विचारलं, बन्सीबाबा इथलेच का? म्हणाली, "मामंजींना जाऊन सोळा वरसं झाली. तुमच्याकडं बसल्यात का आता?" जणू पोस्टाची पेटी कुठे हलवली ते विचारावं तसं विचारलं. मी शेंगांवरून नजर काढली नाही. तिने सगळं सांगितलं. शिक्षा झाली त्या दिवशी शिपाई मामंजींना म्हणाला होता, मी येऊन सांगत नाही तोवर उठायचं नाही. मामंजी बसले. साहेब उठून गेले, कारकून गेले, शिपाई काही आला नाही. रात्रीच्या वॉचमनने झाडू मारता मारता हाकललं. पण वॉचमनला काय अधिकार? घरी आले आणि म्हणाले, माझी शिक्षा संपलेली नाही, कैदी आहे मी. पुढची वीस वर्षं, दाजी, कोर्टाच्या प्रत्येक दिवशी हा माणूस पहिल्या गाडीने जाऊन त्या बाकावर बसला आणि शेवटच्या गाडीने परत आला. नातीच्या लग्नात मांडवात बसला नाही, कैद्याने पाटावर बसू नये म्हणून. निराधार योजनेचा फॉर्म भरला नाही, कारण त्यात शिक्षा झाली आहे का असा रकाना असेल असं त्याला कुणी तरी सांगितलं. कोर्टातल्या लोकांना वाटायचं कुणाचा तरी पक्षकार असेल. दहाव्याला कावळा शिवेना. नातीला काही कमी पडू देणार नाही, म्हैस विकणार नाही, सगळं बोलून पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. भागूबाई म्हणाली, "आमी तवाच वळखलं, ते कुटं बसल्यात ते."

मी निघालो तेव्हा तिने एक गोष्ट विचारली. तो शिपाई अजून आहे का? मी म्हणालो, असावा. परतीच्या वाटेवर मागची सीट दबलेलीच होती.

दाजी, १९८९ च्या चैत्रात त्या कोर्टाच्या दारात पट्टा लावून कोण उभं होतं, ते तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. तुम्ही मुद्दाम केलं असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या साखरपुड्याचा दिवस होता, तुमच्या साहेबांनी रजा नाकारली होती, संध्याकाळचा मुहूर्त, आणि तुम्हाला कुणीतरी जीप घेऊन बोलवायला आलं (कोण आलं होतं ते सोडा, लहानसहान तपशिलात आपण शिरायला नको). तुम्ही साहेब उठायच्या आत निघून गेलात, आणि लग्नाच्या रजेतच तुमची बदली झाली. तुम्हाला परत त्या बाकाकडे बघायची वेळच आली नाही. माणूस विसरतो. मी स्वतः दूध संस्थेत दोन वर्षं एका सभासदाचं नाव यादीत घालायला विसरलो होतो. पण तो सभासद भांडायला तरी आला. हा माणूस भांडला नाही, बसला.

आता खरं सांगायचं ते सांगतो. सोमवारी चांगुणा चुलीपुढे बसली. गॅस संपला होता, चूल पेटवायची म्हटल्यावर भाकरी काय उभ्याने थापणार? मी शेतावर होतो. आलो तर तवा थंड, पीठ परातीत वाळलेलं, आणि ती बसलेली. मी ऊठ म्हणालो. दहादा म्हणालो, वीसदा म्हणालो. काखेत हात घालून उचलायला गेलो, तर तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं अंग मला बाकाच्या लाकडासारखं लागलं, गार आणि जड. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसलीसुद्धा. आज गुरुवार आहे. ती तिथेच आहे. मी चमच्याने भरवतो, ती खाते, विचारलं तर काही दुखत नाही म्हणते. काल दिवेलागणीला बाबा ओट्यावरून काही बोलले नाहीत. बोलली चांगुणा. तिच्याच आवाजात, चुलीकडे बघत, मला म्हणाली, "साहेब उठले का वो?"

मी परसात जाऊन रडलो दाजी. तुमच्यापासून काय लपवायचं. ही बाई माझ्यावर रोज तोंडसुख घ्यायची आणि मला वाटायचं, एक दिवस शांतता मिळावी. मिळाली.

असो. तुम्ही कायद्याच्या दारात आयुष्य काढलेले अनुभवी गृहस्थ आहात. या बाबतीत काय करावं याचा आपल्या सवडीने सल्ला कळवावा. घाई नाही. अक्काला यातलं काही सांगू नका, ती ताबडतोब येईल, आणि आल्यावर पहिल्यांदा बसेल.

आपला,
काकासाहेब

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना तसं लिहायची सवय पडली आहे. सल्ला नको, तुम्हीच या. येऊन दारात उभे राहा, पूर्वी जसं नाव पुकारायचे तसं बन्सी तात्याबा असं तीनदा पुकारा, आणि "झालं, जा" म्हणा. चारच शब्द आहेत. बाबा तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तुमचा पितळी बिल्ल्याचा पट्टा निवृत्तीच्या वेळी परत केला असेल, तर नुसता खाकी शर्ट चालेल. आमच्याकडे चहा उभ्यानेच मिळेल, त्याचा राग मानू नये.

दुसरा ता. क. हे पत्र मी कल्याणच्या हाती स्पीड पोस्टात टाकतो आहे. तो अंगणात उभा आहे. आत ये म्हटलं तर येत नाही, आणि मीही आग्रह करत नाही. पत्र मी दाराच्या चौकटीला कागद लावून लिहिलं आहे, अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर ते त्यामुळे.

तिसरा ता. क. तुम्ही पत्र वाचून म्हणाल, काकासाहेब, एवढी पानं मला दोष दिलास, पण मला जीप घेऊन बोलवायला आला होता तो कोण? मीच होतो. एकोणीस वर्षांचा होतो, मंडपात पाहुणे ताटकळले होते, आमचे वडील माझ्यावर खेकसत होते, आणि भाड्याची जीप चालू ठेवून मी कोर्टाच्या दारातून तुम्हाला खुणा करत होतो. तुम्ही विसरला नव्हता दाजी. तुम्ही म्हणालात, "थांब, एका म्हाताऱ्याला सोडायचंय, साहेब उठले की आलो." मी तुमचा दंड धरून ओढलं. बाकावरचा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याकडे बघतच मी म्हणालो, त्याला काय होतंय, बसेल. गेल्या महिन्यात मी त्या बाकावर टेकलो तेव्हा बाबांनी पहिल्यांदा जे म्हटलं ते मी वर लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "आलास व्हय? बस." आज सकाळी मी त्यांच्या पायाशी उभा राहिलो, हात जोडले, म्हणालो, बाबा, माझ्यावर काय तो राग काढा, चांगुणाला सोडा, तिने काय केलंय. बाबांनी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला काय हुतंय, बसंल." शनिवारी सकाळची पहिली गाडी धरा, फाट्यावर आमचा कल्याण मोटारसायकल घेऊन उभा राहील.